वडिलांना ज्या स्टेरॉइडचा उपयोग झाला, तेच भावाला द्यायला डॉक्टर नकार का देतात?

उत्तरवारा यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या वडिलांना (वय ६८, बारा वर्षांपासून मधुमेह) कोविडचा न्यूमोनिया झाला होता. आजाराच्या आठव्या दिवशी त्यांच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८९ टक्क्यांवर आले, म्हणून त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तिथे नळीने ऑक्सिजन सुरू झाला आणि त्याच दिवसापासून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, असे औषधही सुरू झाले. तिसऱ्या दिवसापासून त्यांना ऑक्सिजन कमी लागू लागला आणि आठव्या दिवशी ते घरी आले. घरी सोडताना डॉक्टरांनी स्टेरॉइड बंद केले. मात्र आम्ही आणून दिलेल्या गोळ्यांपैकी अर्धी पट्टी सामानाबरोबर परत आली आणि ती अजून कपाटाच्या खणात पडून आहे.

आता माझा धाकटा भाऊ (वय ३९) तीन दिवसांपासून तापाने आजारी आहे. अंगदुखी आणि कोरडा खोकला आहे, तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला आणि छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात लहानसा डाग दिसला. ऑक्सिजन ९६-९७ आहे. डॉक्टरांनी ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध पाच दिवसांसाठी लिहून दिले, पण स्टेरॉइडबद्दल विचारल्यावर स्पष्ट नकार दिला. वडिलांना हे पटलेले नाही. ‘न्यूमोनिया मलाही विषाणूनेच झाला होता, त्यालाही विषाणूनेच झाला आहे, मग मला ज्या गोळीने उठवले ती त्याला दम लागेपर्यंत का द्यायची नाही?’ असे ते रोज विचारतात, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही त्याचे उत्तर नाही. डॉक्टरांवर माझा अविश्वास नाही, परंतु नकारामागचे कारण समजले तर वडिलांना समजावणे सोपे जाईल. एका विषाणूच्या न्यूमोनियात जे औषध जीव वाचवते, ते दुसऱ्या विषाणूच्या न्यूमोनियात घातक कसे ठरू शकते?

श्वासपटल यांचे उत्तर

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. आपल्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या उपचारांबद्दल त्यांच्या डॉक्टरांचाच शब्द अंतिम मानावा. प्रश्नामागचे तत्त्व मात्र सांगता येईल.

वडिलांच्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे: त्यांना बरे करणाऱ्या गोळीने विषाणूवर मात केली, असे ते धरून चालले आहेत. डेक्सामेथासोन विषाणूला काहीही करत नाही. विषाणू फुप्फुसात शिरल्यावर शरीर त्याच्यावर जो हल्ला चढवते, त्या हल्ल्याची तीव्रता ते कमी करते. कोविडच्या बऱ्याच रुग्णांमध्ये पहिला आठवडा विषाणूच्या वाढीचा असतो आणि दुसऱ्या आठवड्यात, विषाणू ओसरू लागल्यावरही, शरीराने पेटवलेला दाह चालूच राहतो. वायुकोशांच्या (फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांच्या) भिंती सुजतात, केशवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिने आत झिरपतात आणि जिथे हवा असायला हवी तिथे द्रव साचतो. आपले वडील आठव्या दिवशी ८९ वर आले ते बहुधा या दुसऱ्या अवस्थेत. त्या वेळी दाह आवरणारे औषध उपयोगी पडते, कारण त्या घटकेला फुप्फुसाचे नुकसान विषाणूपेक्षा दाहच जास्त करत असतो.

हा केवळ तर्क नाही. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत २०२० साली २१०४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने निवडून रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस, किंवा घरी सोडेपर्यंत, दिले गेले आणि ४३२१ रुग्णांना नेहमीचेच उपचार दिले गेले. व्हेंटिलेटरवर असलेल्यांपैकी २८ दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या साधारण आठ रुग्णांना औषध दिले की एक मृत्यू टळत होता. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २६.२ वरून २३.३ झाले. फायदा इथेही होता, पण पुष्कळ कमी. आता तिसरा गट पाहा, जो आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी १४.० टक्के रुग्ण दगावले.

विषाणू एकच, औषध एकच, मात्राही एकच. तरीही रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार उत्तर बदलले. म्हणजे आपल्या भावाला इन्फ्लुएन्झाऐवजी कोविड झाला असता, तरी ९७ टक्के ऑक्सिजन असताना आणि आजाराच्या तिसऱ्या दिवशी त्यांना ही गोळी दिली गेली नसती. ‘दम लागेपर्यंत का थांबायचे’ याचे उत्तर असे की दम लागण्यापूर्वी हे औषध दम लागणे टाळते, असे त्या चाचणीत कुठेही दिसले नाही.

इन्फ्लुएन्झाचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियात स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांचे अनेक अभ्यास झाले. त्यांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने घेतला, तेव्हा स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे गुणोत्तर जवळपास चौपट आढळले. यावरून ‘स्टेरॉइडने चौपट माणसे मारली’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. त्यातले जवळजवळ सर्व अभ्यास निरीक्षणात्मक होते, म्हणजे औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहून ठरवले होते, आणि डॉक्टर स्टेरॉइड बहुधा सर्वांत खालावलेल्या रुग्णालाच देतात. अतिदक्षता विभागात ज्या खाटेभोवती जास्त डॉक्टर गोळा होतात त्या खाटेवरचा रुग्ण दगावण्याची शक्यता जास्त असते. म्हणून डॉक्टर गोळा झाल्यामुळे तो दगावला असे कोणी म्हणत नाही. रुग्णांमधला असा फरक हिशोबात घेऊन आकडे समायोजित करून पाहिले तेव्हा हे गुणोत्तर खाली आले, परंतु फायद्याच्या बाजूला काही गेले नाही. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही, दुसरे काही कारण नसेल तर इन्फ्लुएन्झात स्टेरॉइडची जोड देऊ नये. आपल्या भावाच्या डॉक्टरांनी नेमके तेच केले आहे.

सावधपणे यांचे उत्तर

एवढ्या आकड्यांची गरज नाही. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती मारते, म्हणून विषाणूच्या आजारात ते कधीही घेऊ नये, हा साधा नियम आहे. माझ्या परिचयातील एका व्यक्तीच्या खुब्याचे हाड स्टेरॉइडमुळे निकामी झाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आपल्या वडिलांचे नशीब चांगले, एवढेच म्हणेन.

कणखल यांचे उत्तर

मी औषधशास्त्र शिकवतो, म्हणून वरच्या प्रतिसादातील ‘कधीही’ या शब्दावर आक्षेप नोंदवतो. खुब्याच्या हाडाची गोष्ट खरी आहे, पण ती ज्या मात्रेची गोष्ट आहे ती मात्रा बाजूला ठेवून नियम करता येत नाही.

२००३ साली सार्स या कोरोनाविषाणूच्या साथीत हाँगकाँग आणि चीनमध्ये अनेक रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोनच्या फार मोठ्या मात्रा, कधी दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक, शिरेतून दिल्या गेल्या. त्यांतून वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा विकार जडला. रुग्ण न्यूमोनियातून बरा होऊन घरी जातो आणि काही महिन्यांनी लंगडत परत येतो, असे ते चित्र होते. त्याच साथीत एका छोट्या चाचणीत आजाराच्या सुरुवातीलाच हायड्रोकॉर्टिसोन दिलेल्या रुग्णांच्या रक्तात विषाणूची जनुकसामग्री पुढील आठवड्यांत जास्त आढळली. मर्स या दुसऱ्या कोरोनाविषाणूच्या ३०९ गंभीर रुग्णांच्या २०१८ मधील अभ्यासातही तेच दिसले: स्टेरॉइड घेतलेल्यांच्या शरीरातून विषाणू उशिरा गेला, आणि आजाराची तीव्रता हिशोबात घेतल्यावर मृत्यूंच्या प्रमाणात फरक उरला नाही. २०२० च्या सुरुवातीला बहुतेक तज्ज्ञ कोविडमध्ये स्टेरॉइड नको म्हणत होते, ते याच पूर्वानुभवामुळे. त्या वर्षी १६ जूनला ‘रिकव्हरी’चे निष्कर्ष जाहीर झाले आणि काही तासांत सगळ्यांना आपली भूमिका बदलावी लागली. माझ्या पेशात इतका झटपट पालट मी दुसरा पाहिलेला नाही.

आता मात्रेचा हिशोब. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ३२ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा १६० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. आपले शरीर दिवसाला सुमारे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनइतके कॉर्टिसॉल (शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड) स्वतः तयार करते, असे धरले तर ही गोळी शरीराच्या रोजच्या उत्पादनाच्या आठपट भरते. आकाराने इवलीशी असल्यामुळे लोक तिला सौम्य समजतात. आणि तरीही सार्सच्या काळातल्या मात्रांपुढे ती खरोखरच लहान आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

ती काम कसे करते, हेही थोडक्यात सांगतो, कारण ‘प्रतिकारशक्ती मारते’ हे वर्णन फार ढोबळ आहे. स्टेरॉइडचा रेणू पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो, आतल्या ग्राहीला (त्याला ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो आणि ती जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन दाह पेटवणाऱ्या जनुकांचे काम मंदावते. त्यामुळे इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचे निरोप कमी सुटतात, वाहिन्यांची गळती कमी होते आणि फुप्फुसात नव्याने पाणी साचणे थांबते. पण हेच निरोप विषाणू शरीरात शिरल्याची पहिली वर्दी देण्याचेही काम करत असतात. तिसऱ्या दिवशी त्यांचे तोंड बंद केले, तर जो विषाणू अजून जोमाने वाढत आहे त्याला मोकळे रान मिळते. इन्फ्लुएन्झात आणखी एक भीती असते ती मागून येणाऱ्या जिवाणूंची, विशेषतः न्यूमोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांची. स्टेरॉइडमुळे ताप दबलेला असेल, तर हा दुसरा संसर्ग उशिरा लक्षात येतो.

जाता जाता एक गोष्ट. कॉर्टिसोन १९४८ मध्ये प्रथम संधिवाताच्या रुग्णाला देण्यात आले आणि १९५० मध्ये त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागल्यामुळे त्या काळी त्याला चमत्कार म्हणत. नंतरची काही दशके वैद्यकाने त्या चमत्काराची किंमत मोजण्यात घालवली, आणि ‘सावधपणे’ यांच्या प्रतिसादात उमटलेली भीती त्याच अनुभवातून आलेली आहे. ती निराधार नाही. फक्त तिला मात्रा आणि मुदत जोडायला हवी.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वर सर्व काही अभ्यासपूर्ण लिहिले गेले आहे. मी फक्त खाटेपाशी जे दिसते ते सांगते.

सकाळी आठ वाजता डेक्सामेथासोनची गोळी दिली की सायंकाळी रक्तातील साखर पाहायची, हे आम्ही नवीन मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतो. सकाळी उपाशीपोटी १२८ असलेली साखर रात्रीच्या जेवणाआधी ३४२ झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्या रुग्णाला मधुमेह असल्याचे त्यापूर्वी कोणालाही ठाऊक नव्हते. केवळ सकाळची साखर पाहून समाधान मानणारे कुटुंब घरी किती फसत असेल, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट झोपेची. एक गृहस्थ पहाटे अडीच वाजता ऑक्सिजनचा मुखवटा कपाळावर सरकवून पांघरुणाच्या काटेकोर घड्या घालत बसले होते. विचारले तर अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, ‘मला आता पूर्ण बरे वाटते आहे, मी निघतो.’ यंत्रावर आकडा ८४ होता. स्टेरॉइडने ताप उतरतो, भूक लागते आणि मनाला एक उसनी तरतरी येते. बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर पडते, आणि रुग्णालयात ते अंतर मोजायला आम्ही असतो. घरी कोण असते? ‘गोळी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ताप गेला’ असे कोणी सांगितले की मला ते गृहस्थ आठवतात.

उत्तरवारा, आपल्या वडिलांबद्दल एक सूचना. मधुमेह असताना स्टेरॉइड घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत गालाच्या एका बाजूला दुखणे, सूज किंवा बधिरपणा, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव, दात हलणे किंवा एकाचे दोन दिसणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. २०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिसचे (‘काळी बुरशी’ या संसर्गाचे) जे असंख्य रुग्ण आढळले, त्यांच्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसत होती. घाबरवण्यासाठी सांगत नाही; दिवसांचा नव्हे, तासांचा उशीरही महागात पडतो, म्हणून सांगते.

शंकासूर यांचे उत्तर

श्वासपटल यांना एक प्रश्न. ऑक्सिजन न लागणाऱ्या गटातले १७.८ आणि १४.० हे आकडे आपण अपाय झाल्यासारखे मांडले आहेत. मी संख्याशास्त्राशी संबंधित काम करतो. माझ्या आठवणीप्रमाणे त्या गटातील गुणोत्तर १.१९ होते आणि त्याची विश्वासमर्यादा (खरे गुणोत्तर ज्या टप्प्यात असू शकते तो टप्पा) ०.९२ ते १.५५ होती; १ म्हणजे काहीच फरक नाही आणि तो आकडाही त्यात बसतो, म्हणजे तो फरक योगायोगानेही पडलेला असू शकतो. मग त्यावरून ‘देऊ नये’ असा ठाम निष्कर्ष कसा निघतो?

श्वासपटल यांचे उत्तर

आपला मुद्दा बरोबर आहे आणि माझी वाक्यरचना त्या ठिकाणी सैल होती. त्या गटात अपाय सिद्ध झाला नाही. फायदा दिसला नाही आणि कल अपायाकडे होता, इतकेच म्हणता येईल. परंतु औषध देण्यासाठी फायद्याचा पुरावा लागतो, न देण्यासाठी अपायाचा पुरावा लागत नाही. साखर वाढणे, झोप उडणे, दुसरा संसर्ग होणे हे धोके तर औषधाबरोबर येणारच. त्या बदल्यात काहीच हाती लागणार नसेल, तर ते का पत्करायचे?

अपायाचा अधिक ठळक पुरावा पुढे मात्रेच्या बाबतीत मिळाला. त्याच ‘रिकव्हरी’ने ऑक्सिजन न लागणाऱ्या किंवा साधा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांमध्ये मोठी मात्रा तपासली: पहिले पाच दिवस रोज २० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन आणि पुढचे पाच दिवस १० मिलिग्रॅम. तुलनेच्या गटातील बहुतेकांना नेहमीची लहान मात्रा मिळत होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या मात्रेच्या गटात १९ टक्के आणि तुलनेच्या गटात १२ टक्के रुग्ण दगावले. हा फरक योगायोगाच्या पदरात टाकता येत नाही. ‘थोडे चांगले तर जास्त अधिक चांगले’ हा समज माझ्या पेशातल्या लोकांमध्येही होता, हे इथे प्रांजळपणे नमूद करतो.

एक गोष्ट दुसऱ्या बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर ‘कोविड सोडून कुठेही स्टेरॉइड नको’ असा समज होईल. फ्रान्समधील ‘केप कॉड’ चाचणीत २०२३ मध्ये अतिदक्षता विभागातील तीव्र न्यूमोनियाच्या सुमारे ८०० रुग्णांपैकी निम्म्यांना रोज २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिले गेले आणि २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ११.९ वरून ६.२ टक्क्यांवर आले. पण त्या चाचणीत इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांना आधीच वगळलेले होते. संशोधकांनीच ज्या रुग्णांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी त्या चाचणीचा दाखला देता येत नाही. ‘न्यूमोनियात स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झाला’ ही बातमी वाचून अनेक नातेवाईक माझ्याकडे येतात, तेव्हा मला हेच समजावून सांगावे लागते.

बालकक्ष यांचे उत्तर

मुलांच्या आजारांमधले एक उदाहरण देतो, कारण त्यात हाच प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. क्रूप हा विषाणूंमुळे होणारा आजार आहे. त्यात स्वरयंत्राजवळ सूज येऊन मूल भुंकल्यासारखे खोकते आणि श्वास आत घेताना आवाज येतो. त्यात डेक्सामेथासोनची एकच मात्रा काही तासांत स्पष्ट फरक पाडते. त्याच वयोगटात, तशाच विषाणूमुळे, श्वासमार्गाच्या अगदी टोकाच्या बारीक नळ्यांना सूज आली की त्याला ब्राँकिओलायटिस म्हणतात, आणि तिथे स्टेरॉइड देऊ नये अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०१४ ची स्पष्ट शिफारस आहे. दोन्ही खोल्यांत मी एकाच दिवशी जातो. एका खोलीतल्या आईला औषध का देतो हे सांगतो आणि दुसऱ्या खोलीतल्या आईला का देत नाही हे. दुसरे संभाषण नेहमीच जास्त लांबते.

उत्तरवारा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना तीन गटांचे आकडे कागदावर लिहून दाखवले. ते बराच वेळ तिसऱ्या ओळीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे मी आठवड्याभराआधी घेतली असती तर?’ हा प्रश्न त्यांचा त्यांनीच विचारला, हे मला महत्त्वाचे वाटले.

दोन शंका उरल्या आहेत. भावाला लहानपणापासून सौम्य दमा आहे आणि तो बुडेसोनाइड असलेला इनहेलर रोज घेतो. तेही स्टेरॉइडच आहे ना? वरची चर्चा वाचून त्याने काल रात्री तो घेतला नाही. आणि शिल्लक गोळ्या जपून ठेवण्यात काही अर्थ आहे का?

श्वासपटल यांचे उत्तर

इनहेलर कृपया आजच पुन्हा सुरू करायला सांगा. ही चर्चा वाचून कोणी तो बंद केला, तर तो दोष आमच्या लिहिण्याचा आहे, म्हणून हे ठळकपणे सांगतो. ओढून घेतलेले स्टेरॉइड प्रामुख्याने श्वासनलिकांमध्ये काम करते आणि रक्तात त्याचा अगदी थोडा अंश उतरतो. विषाणूसंसर्गाच्या काळात दमा उसळण्याची शक्यता वाढते, त्यामुळे तो नेमका आताच थांबवणे सर्वांत गैरसोयीचे. यापुढे जाऊन सांगतो: इन्फ्लुएन्झामुळे भावाचा दमा उसळला, छातीतून शीळ ऐकू येऊ लागली आणि नेहमीचा तातडीचा इनहेलर पुरेनासा झाला, तर त्यांचे डॉक्टर तोंडावाटे स्टेरॉइड देऊही शकतात. ते न्यूमोनियासाठी नसेल, दम्यासाठी असेल. मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘दुसरे काही कारण नसेल तर’ असे जे म्हटले आहे, त्यातले हे एक ‘दुसरे कारण’ आहे. म्हणून दम्याची माहिती त्यांच्या डॉक्टरांना आहे की नाही, हे एकदा विचारून घ्या.

याच ओघात, जे वाचक संधिवात, मूत्रपिंडाचा विकार किंवा अन्य कारणाने अनेक महिने तोंडावाटे स्टेरॉइड घेत आहेत, त्यांनीही ताप आला म्हणून ते अचानक बंद करू नये. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथींनी (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या ग्रंथींनी) स्वतःचे उत्पादन कमी केलेले असते आणि आजारपणात शरीराला उलट जास्त कॉर्टिसॉल लागते. अशा वेळी गोळी थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो.

भावाच्या बाबतीत लक्ष ठेवायचे ते यावर: ऑक्सिजन सतत ९४ च्या खाली राहणे, बोलताना वाक्य पूर्ण न होणे, गोंधळल्यासारखे वागणे, छातीत दुखणे, आणि विशेषतः ताप एकदा उतरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढणे व खोकल्यातून गढूळ बेडका पडू लागणे. हे शेवटचे चिन्ह वर उल्लेख झालेल्या जिवाणूसंसर्गाचे असू शकते. यंत्रावर आकडा पाहताना बोट गरम असू द्या आणि एक मिनिट शांत बसल्यावरच वाचा. थंड बोटावर हे यंत्र बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवते.

रात्रपाळी यांचे उत्तर

गोळ्यांबद्दल मी सांगते. ती पट्टी औषधांच्या दुकानात किंवा रुग्णालयाच्या औषधविभागात नेऊन द्या. परत घेत नसतील तर त्यांनाच विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. खणात राहिलेली स्टेरॉइडची पट्टी सहसा ज्याच्यासाठी आणली होती त्याच्या पोटात जात नाही, घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी पोटात जाते. ती नेऊन देण्याआधी एकदा मोजा, आणि वडिलांनी घरी आल्यावर त्यातली एखादी घेतली तर नाही ना, हे त्यांना सहज विचारा. रोज पट्टीची आठवण काढणाऱ्या माणसाला हे विचारलेले बरे.

उत्तरवारा यांचे उत्तर

मोजल्या. पाच असायला हव्या होत्या, तीन आहेत. वडील म्हणाले, मागच्या आठवड्यात थकवा वाटत होता म्हणून दोन दिवस एकेक घेतली. त्यांची साखर आत्ता सायंकाळी २८६ आहे. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला आहे, उद्या सकाळी नऊ वाजता बोलावले आहे. नाक, गाल, दात यांपैकी काही दुखत नाही असे म्हणतात, तरी ते उद्या दाखवूनच घेतो. भावाने इनहेलर पुन्हा सुरू केला आहे. त्याचा ऑक्सिजन ९७, ताप आज दुपारपासून १०० च्या खाली.